नाचणीचे अकरा गोळे

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका.

हनुमंताने पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी दोन वह्या आणल्या होत्या. एक भरत आली. तीत सगळे तेच लिहितात. निसर्ग सुंदर, पिठलं-भाकरी उत्तम, मासा मिळाला नाही. दुसरी कोरी पडली होती, ती मी उचलली. दोन दिवस राहून जाणारी माणसं लिहितात, मग साठ वर्षं राहिलेल्या बाईचा अभिप्राय कोण घेणार?

मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. हर्षाली तिचं नाव, घोडेगावच्या कॉलेजात जाते. अट एकच, सांगेन तेवढंच लिहायचं, शेवटी वाचून दाखवायचं आणि वही माझ्या ट्रंकेत परत ठेवायची. माझं ‘व्हतं’ मोडून ती ‘होतं’ करते. करू दे. चारचौघांत जाताना मीही पदर सारखा करतेच की.

हनुमंत माझा मुलगा. चाकणची कंपनी सोडून आला आणि घोड नदी धरणाच्या पाण्याला मिळते तिथं आमच्या उरलेल्या तुकड्यावर चार खोल्या बांधल्या. रिव्हर लॉज अशी पाटी लावली. पहिल्या वर्षी लोक पोहायला आणि जेवायला यायचे. मागच्या सालापासून गळवाले येतात. श्रावण सरला, पाणी काठाला लागलं की येऊ लागतात ते दिवाळीपर्यंत. मासेमारी सोसायटीची परवानगी हनुमंताने काचेत घालून भिंतीला लावलीय, देवासारखी.

हे लोक दिवसभर उन्हात बसतात, मासा धरतात, त्याच्याशेजारी हसून फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकाला विचारलं, “का रं बाबा, बायको शिजवून देत न्हाई का?”

यंदा सोडायलाही मासा मिळेना. पितृपक्षाच्या शेवटी प्रतिभा मॅडम म्हणून कुणी पुण्याहून गळवाल्यांचं मंडळ घेऊन येणार आहेत. त्यांना जागा पटली तर दर वर्षी भाद्रपद ते दिवाळी त्यांचं शिबिर इथंच. नाही पटली तर हनुमंत दसऱ्याला कुलूप लावून चाकणला परत जाणार. कंपनीतल्या साहेबाने त्याची नोकरी दसऱ्यापर्यंतच धरून ठेवलीय. सून आशा जाणार, हर्षाली जाणार. मलाही नेणार म्हणतात. चौथा मजला. गॅलरीतून लांबवर नाला दिसतो, असं आशा म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली.

३० ऑगस्ट

आज पुण्याचे दोघे साडू आले होते. त्यांच्याकडे प्लॅस्टिकचे मासे, त्यांना रंग दिलेले, डोळेसुद्धा काढलेले. धाकटा साडू दुपारपर्यंत पाण्यात बघत बसला. मी चहा घेऊन गेले.

“आजी, इथं मासे आहेत ना नक्की?”

“हाईत की. तुमचं खेळणं बघून हसत असतील खाली.”

आमचा हनुमंत या पाहुण्यांना नेहमी पलीकडच्या काठाला बसवतो. माझ्या बाजूच्या खडकाकडं कुणाला जाऊ देत नाही. म्हणतो, “तिथं खाली झाडोरा हाय, दोरी अडकती.” काही झाडोरा नाही तिथं. सगळं स्वच्छ आहे. या नदीत नागडा पोहत मोठा झाला आणि तिचा तळ ठाऊक नाही. मी दुरुस्त केलं नाही. खडक मोकळा राहतो ते मला बरंच आहे.

का बरं आहे, ते उद्या सांगेन. आज हर्षालीला गौरीच्या ओवशाची सुपं धुवायची आहेत.

२ सप्टेंबर

उद्या सांगते म्हणाले आणि दोन दिवस गौरींनी खाल्ले.

हर्षालीचे आजोबा जाऊन दहा वर्षं झाली. मी नाव घेत नाही, हर्षाली, तूच लिही. भगवंत. हनुमंताचे दादा. त्यांच्या वर्षश्राद्धाला कावळा शिवेना. दोन तास झाले, भटजींना दुसरीकडे जायचं होतं. आमची जुनी वाडी, घाट, मसणवटा, सगळं धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा आमच्या चुलत सासूबाईंनी सांगितलं, “कावळ्याला काय ठावं आपली माणसं कुठं हाईत? पाण्यात सोड.” मी पान पाण्यात सोडलं. ते बुडायच्या आत खालून तोंड आलं आणि घास गेला. तेव्हापासून आमच्या वाडीची माणसं पितरांचं पान पाण्यातच सोडतात.

बाकीचे वर्षातून एकदा सोडतात. माझं एका दिवसाचं रोज झालं. तांबडं फुटलं की मी खडकावर जाते. नाचणीच्या पिठाचे अकरा गोळे नेते. नाचणी तळेघरची, माझ्या माहेरची. एक यांचा, एक सासऱ्यांचा, त्यांचं नाव गेणू, सासरा असला तरी मासा झाल्यावर नाव घ्यायला हरकत नाही, एक सासूचा, आणि बाकीचे ज्यांनी मला लग्नात नावं ठेवली त्यांचे. शिवाय यंदापासून मागच्या दाराशी लॉजवरच्या उरलेल्या भाकरी टोपल्यात झाकून ठेवलेल्या असतात, त्या चुरून टाकते. पितळी ताटली खडकावर तीन वेळा वाजवली की पाणी हलायला लागतं.

यांचा गोळा मी शेवटी देते. एक मोठा आहे, तोंडाजवळ मिशांसारखे दोरे. हातातून घेतो. बोटाला ओठ लागतो, खरखरीत, दाढी न केलेल्या दिवशी लागायचा तसा. हर्षाली, हे लिहू नको.

लिहिलंस? बरं, राहू दे.

जिवंतपणी मी ‘अहो’ म्हणत होते. आता ‘अरे’ म्हणते. “काय रे, मिशांना तेल लावत न्हाईस का?” असं विचारते. उत्तर देत नाही. आधीही देत नव्हते. माणूस रागावला की भांडायचा नाही, पाटावर पाठ करून जेवायचा. पण ताट सोडून उठला नाही कधी.

हे घरात कुणाला माहीत नाही. सगळे झोपलेले असतात.

५ सप्टेंबर

आशाला पिठाचा अंदाज कधी यायचा नाही. मी रोज दोन ओंजळी नाचणी काढते, डबा कमी झालेला तिला कळत नाही. आणि भाकरीही भरमसाठ उरवते. आज टोपल्यातल्या भाकरी चक्क गरम होत्या. आदल्या रात्रीच्या भाकरी पहाटे गरम कशा, मला नवल वाटलं. चुलीजवळ ठेवत असेल.

खडकाकडं उतरायच्या वाटेवर कुणीतरी तीन पायऱ्या खोदल्यात आणि धरायला दोर बांधलाय. पाहुण्यांसाठी असेल. पाहुणे तर तिकडं येत नाहीत. हनुमंताचं डोकं ठिकाणावर नाही, नको तिथं पायऱ्या करतो.

८ सप्टेंबर

पाऊस. दोन खोल्या ठरलेल्या होत्या, एकाने यायचं रद्द केलं. हनुमंत भिंतीवरची परवानगी पुसत होता. काच स्वच्छच होती.

११ सप्टेंबर

प्रतिभा मॅडम आधीच जागा बघायला आल्या. मी म्हटलं, मंडळाचा प्रमुख म्हणजे कुणी मिशीवाला असेल. तर ही चाळिशीची बाई, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला जळू लागलेली ते हिला ठाऊकच नाही. मी मीठ लावून काढली. तेवढ्यावर ओळख झाली.

दिवसभर होडीतून फिरली. होडी आमचा बहिरू चालवतो. साठीचा आहे, यांच्याबरोबर जाळी टाकायचा. संध्याकाळी मॅडम ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

“आजी, गंमत आहे. माझ्या यंत्रात मासे दिसतात. चांगले मोठे आहेत, महाशीर. पण कशालाच तोंड लावत नाहीत.”

“देवधर्म करत असतील. चातुर्मास हाय.”

ती हसली. “पोटं भरलेली आहेत त्यांची. कुणीतरी रोज पोटभर खायला घालतंय. घरचं जेवलेला माणूस हॉटेलात कशाला बसेल?”

“सोसायटीवाले घालत असतील,” मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणता माझ्या हातातली सुपारी फुटेना.

हनुमंत दारात उभा होता. त्याने ऐकलं. कंदिलाची काच पुसायला आत गेला. आमच्याकडे वीज आहे. कंदील चार वर्षं पेटवलेला नाही.

१४ सप्टेंबर

मी तीन दिवस खडकावर गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, खरं ते लिहावं. पोराच्या लॉजचं वाटोळं मी करते आहे आणि मला वाटत होतं मी पुण्य करते आहे. अकरा गोळ्यांनी एवढं होतं हे मला काय माहीत. पण अकराच कुठं, भाकरीचं टोपलंही आहे. आशाला सांगावं का, कमी थाप म्हणून? मग का ते सांगावं लागेल.

चौथ्या मजल्यावर ताटली वाजवली तर शेजारीण येईल विचारायला.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दशमी. यांची तिथी.

आज जाणं भागच होतं. पान वाढून घेऊन गेले. ताटली एकदाच वाजवली, तोवर सगळे आलेले. चार दिवस वाट बघत असावेत. मिशीवाला सगळ्यांच्या मागे उभा होता. हात पुढे केला तर आला.

परत वर चढताना बहिरू होडी बांधत होता. म्हणाला, “वैनी, चार दिस आला न्हाईत. मालक रोज हितं येऊन बघून जायचं.”

“कोण मालक?”

“हनुमंत. म्हणलं आईचा पाय मुरगाळला का काय वाटंवर, म्हणून.”

“त्याला कुणी सांगितलं मी हितं येते?”

बहिरूने माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला नदीला पाणी कुणी सांगितलं असं विचारलं.

“वैनी, पायऱ्या कुणी खोदल्या? आशावैनी पाच वाजता उठून कुणासाठी भाकरी थापत्यात? मला ताकीद हाय, ह्या खडकाच्या अंगाला होडी आणायची न्हाई, पावण्याला बसवायचं न्हाई. मी म्हणलं, अरं, सगळी मासळी तिथंच हाय, तुझा धंदा बसंल. तर म्हणला, बसला तर बसला. आईचं दादांशी बोलणं असतं तिथं.”

मी म्हटलं, “बहिरू, होडीत पाणी साचलंय. उपस.”

घरी आले. आशाने चहा दिला. साखर जास्त होती. सगळा प्यायले.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी एकटीच लपूनछपून चालत होते. नऊ वर्षं चोरपावलांनी गेले, आणि दाराची कडी कुणीतरी आधीच काढून ठेवलेली असायची.

१८ सप्टेंबर

कालपासून गोळे बंद, भाकरीचं टोपलंही उघडत नाही. खडकावर जाऊन तोंडाने सांगून आले. सासऱ्यांना म्हटलं, “मामंजी, जित्तेपणी तुमी एकादशी सोडली न्हाई, आता दोन दिस आणखी धरा. नातीच्या घराचा सवाल हाय.” यांना वेगळं सांगितलं. ते लिहायचं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळ आलं. नऊ माणसं, अठरा काठ्या. हनुमंताने पलीकडच्या काठाला बसवलं. संध्याकाळपर्यंत बोटाएवढी दोन चिलापी.  जेवताना एकजण दुसऱ्या धरणाचं नाव काढत होता, मॅडम ऐकत होती.

बहिरू भांडी ठेवायला आला तेव्हा माझ्या कानाशी म्हणाला, “सगळी तुमच्या खडकाशी हुबी हाईत. तोंडं वर करून.”

हनुमंत दोन घास खाऊन उठला. हा बापासारखा नाही, ताट सोडून उठतो.

२० सप्टेंबर, शनिवार

पहाटे मी प्रतिभा मॅडमच्या दारावर टकटक केली. “काठी घे. प्लॅस्टिक ठेव हितंच.”

वाटेत विचारलं, “तुझ्या गळाला उलटा काटा हाय का?”

“नाही आजी. आम्ही तो घासून टाकतो. सोडताना मासा फाटू नये म्हणून.”

“मग ठीक. माझ्या तीन अटी. जमिनीवर आणायचा न्हाई. फोटो एकच. आणि पुन्हा ह्या खडकावरून कुणी गळ टाकायचा न्हाई, तूसुदीक न्हाई.”

“कबूल,” ती म्हणाली. का म्हणून विचारलं नाही. शहाणी आहे.

एकच गोळा नेला होता. तो तिच्या गळावर मीच चढवला. नऊ वर्षं ज्या हाताने दिला त्याच हाताने, आत लोखंड घालून. ताटली तीनदा वाजवली.

पाणी हललं. बाकीचे पुढे आले, पण गोळा मोठा होता, त्यांच्या तोंडात मावेना. मग ते बाजूला झाले. तो आला. सरळ आला, शंका न घेता. माझी ताटली होती ना.

पुढचं वीस मिनिटं चाललं. रीळ ओरडत होतं, मॅडम खडकावर पुढेमागे करत होती. वरून हनुमंत धावत आला, तीन पायऱ्यांवरून एकदम खाली. “मॅडम, हितं न्हाई! आई, हितं नगं!”

“ओरडू नको,” मी म्हटलं. “पावण्या हाईत. दादाला उठवशील.”

तो तिथंच थांबला.

मॅडमने मासा पाण्यातच दोन्ही हातांवर धरला. मी खाली बसून बघितलं. पाण्यात केवढा वाटायचा. हातावर घेतला तर तेवढा नव्हता. दवाखान्यातून घरी आणल्यावर माणूस एवढासा दिसतो, तसं वाटलं. ओठाला गळ लागला होता तिथं छोटं भोक. डोळा उघडा. माशाला पापणी नसते, त्यामुळे माझ्याकडं बघत होता की नुसताच उघडा होता, सांगता येणार नाही.

फोटो एक काढला, हनुमंताने. त्यात मासा हलला. फोटो तेवढा बरा आला नाही म्हणतात.

मॅडमने हात खाली केले. तो थोडा वेळ हातावरच राहिला, मग गेला.

दुपारपर्यंत बाकीच्यांनाही पलीकडच्या काठाला चार मिळाले, मॅडमने सगळ्यांना नाचणीचे गोळे लावायला सांगितले होते. आशाने दोन वेळा पीठ मळलं. संध्याकाळी अभिप्रायाच्या वहीत पाच पानं भरली. शिबिर ठरलं, या वर्षी दिवाळीपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार आणि पुढच्या वर्षीचेही.

मी आज लवकर झोपते आहे.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

गावात भाद्रपदी पोळ्याची वाजंत्री सुरू होती. मी अकरा गोळे आणि पान घेऊन गेले. ताटली वाजवली. तीनदा, मग सहादा. कुणी आलं नाही. धाकटेही नाहीत.

हनुमंत पायऱ्या उतरून शेजारी येऊन बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“आई, तुला कुणी सांगितलं व्हतं हे कराया?”

“तुला कुणी सांगितलं व्हतं पायऱ्या खोदाया?”

त्याने दोर ओढून बघितला.

“आणि बायकोला पाचला उठवाया?”

“तिला मी न्हाई सांगितलं. तीच उठती.” मग म्हणाला, “मी चाकणला गेलो असतो, आई. त्यात काय व्हतं?”

“माझा गुडघा. चार मजले.”

पान पाण्यात सोडलं. बुडताना दिसत राहिलं बराच वेळ. वडा आधी सुटला, मग भात.

२ ऑक्टोबर. दसरा.

हनुमंताने चाकणला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. लॉज भरलंय. काठ्यांना झेंडू लावले. माझ्या खडकाकडं जाणाऱ्या वाटेवर त्याने तांबडं फडकं बांधलंय, मॅडमने पुण्यात सगळ्यांना बजावलंय. कुणी जात नाही. माझ्याशिवाय कुणाला जायला कारणही नाही.

आता एकच गोळा नेते. बाकीच्या दहांना सांगितलं, मामंजी, तुमी पलीकडं पावण्यांकडं जेवा, ते सोडून देत्यात, फक्त तोंड जपा. भाकरीचं टोपलं मी आशाला बंद करायला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि वळून डोळे पुसत राहिली. कांदा चिरत नव्हती.

गोळा पाण्यात टाकते. बुडतो. खाली कुणी खातं की नाही दिसत नाही.

९ ऑक्टोबर

काही नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

पहाट गार. पाणी उतरायला लागलंय, खडकाचा ओला पट्टा वीतभर उघडा पडला. ताटली नेली नाही. ती वाजवायला मला नको वाटतं हल्ली. गोळा टाकला आणि दोर धरून बसले.

म्हटलं, “अरे, मी तुझ्या पोरासाठी केलं. माझ्यासाठी थोडंच?” मग म्हटलं, “बरं, माझ्यासाठी पन.”

बऱ्याच वेळाने खाली सावली आली. ओठाला भोक होतं. हाताजवळ आला नाही. मी हात पुढेही केला नाही. लांबूनच गोळ्याभोवती एक फेरी मारली, मग माझ्याकडं शेपूट केलं आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, चालला.

वर लॉजवर पाहुणे उठल्याचे आवाज येत होते. हर्षाली मला हाक मारत होती. मी दोर सोडला नाही.

मग गोळा हलला.

हर्षाली, एवढंच लिही. जेवला. पाठ करून, पण जेवला.